पाणी, रबर आणि एक सेंटिमीटर

जुलैतल्या कुठल्याही रविवारी लोहगडाच्या पायऱ्यांवर उभं राहा. निम्म्या लोकांच्या गळ्यात पारदर्शक प्लास्टिकचं पाऊच लटकत असतं आणि त्यात फोन असतो. फोटो काढायची वेळ आली की पाऊचवरचं पाणी बाहीने पुसायचं, ओल्या बोटाने स्क्रीन दाबायची, दोन-तीनदा दाबूनही काही होत नाही म्हणून पाऊच उघडायचं, आणि तेवढ्यात वाऱ्याबरोबर आलेली सर थेट आत. घरी येऊन फोटो बघावा तर गडाच्या विंचूकाटा माचीवर दिसतंय ते धुकं डोंगरातलं की प्लास्टिकच्या आत धरलेल्या वाफेचं, हे सांगता येत नाही.

अशा घोळक्यात एखाद्याच्या सॅकच्या पट्ट्याला साबणाच्या वडीएवढा एक कॅमेरा अडकवलेला दिसतो. त्यावर पाऊस पडत असतो, चिखल उडत असतो आणि मालक निवांत असतो. ‘वॉटरप्रूफ’, ‘टफ’, ‘रग्ड’ अशा नावांनी विकला जाणारा हा कॅमेरा घ्यावा का, असं दरवर्षी पावसाआधी आणि पुन्हा नाताळात मालवणला जायच्या बेतात असलेली माणसं विचारतात. प्रश्न साधा नाही. या जातीतला सगळ्यात नावाजलेला कॅमेरा म्हणजे ओएम सिस्टिमचा टीजी-७. २०२३ मध्ये तो अमेरिकेत ५४९ डॉलरला बाजारात आला, म्हणजे आपल्याकडचे कर धरण्याआधीच पंचेचाळीस हजारांच्या घरात. तेवढ्या पैशांत चांगला फोन येतो, आणि तो फोनही पाण्याला घाबरत नाही असं जाहिरात सांगते.

माझं मत आधीच सांगतो. वर्षाकाठी एकदा समुद्रात बुडी मारायची आणि एरवी कपाटात ठेवायचा, अशासाठी हा कॅमेरा घेऊ नये. पण ज्याला ओल्या जागेतली लहान गोष्ट जवळून बघायची सवय आहे किंवा ती लागावी असं वाटतं, त्याच्यासाठी या पैशांत याच्या तोडीचं दुसरं साधन मला माहीत नाही. हे असं का, ते समजायला रबराच्या एका कड्यापासून सुरुवात करावी लागेल.

पाण्याखाली दर दहा मीटरला साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे पंधरा मीटरवर कॅमेऱ्याच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे दीड किलोचा जादा भार असतो. या भाराने आत घुसू पाहणारं पाणी अडवतं ते बॅटरी आणि मेमरी कार्डाच्या झाकणाला आतून बसवलेलं रबराचं गॅस्केट. बाकीची बटणं, लेन्सपुढची काच, पडद्याच्या कडा कारखान्यातच सीलबंद होतात. झाकण मात्र आपण उघडतो, आणि बहुतेक कॅमेरे तिथूनच मरतात. गॅस्केटवर एक केस, वाळूचा एक कण किंवा टॉवेलचा एक धागा अडकला तरी पुरे. खारं पाणी आत गेलं आणि बॅटरी जागेवर असली की सर्किटवर लगेच गंज धरतो. दुरुस्तीच्या दुकानात असा कॅमेरा नेला तर खोलण्याआधीच नकाराची मान हलते, कारण बोर्ड बदलायचा खर्च नव्या कॅमेऱ्याच्या जवळ जातो.

म्हणून जलरोधकता हा या यंत्राचा कायमचा गुण समजू नये. ती राखावी लागते. गॅस्केट दरवर्षी बदलून घ्यावं असं कंपन्या स्वतःच सांगतात. कॅमेरा उंचावरून पडला तर त्यानंतर पाणी न शिरण्याची हमी नाही, हेही माहितीपुस्तिकेत लिहिलेलं असतं. दोन मीटरवरून पडूनही टिकणारा आणि पंधरा मीटर पाण्यात चालणारा, या दोन्ही गोष्टी खऱ्या असतात. आधी पडला आणि मग बुडाला तर काय, याचं उत्तर कोणी देत नाही. खाऱ्या पाण्यातून बाहेर आल्यावर तासाभरात तो गोड्या पाण्यात बुडवून ठेवायचा, बटणं त्या पाण्यातच दोन-चार वेळा दाबायची म्हणजे खाचांतलं मीठ सुटतं, मग सावलीत वाळवायचा. पूर्ण कोरडा झाल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही. ही शिस्त ज्याला कंटाळवाणी वाटते त्याने हा कॅमेरा घेऊ नये, कारण मग तो दोन मोसम टिकेल की नाही याची खात्री नाही.

कोकणात एक वेगळाच त्रास होतो आणि दुकानदार तो क्वचितच सांगतात. भर दुपारी, घाम निथळत असताना किनाऱ्यावर बसून बॅटरी बदलली की दमट हवा आत कोंडली जाते. मग कॅमेरा थंड पाण्यात गेला की त्या हवेतलं बाष्प लेन्सपुढच्या काचेवर आतल्या बाजूने जमतं. पाणी शिरलं म्हणून माणूस घाबरतो, प्रत्यक्षात ती आपणच आत भरलेली हवा असते. झाकण उघडायचं ते खोलीत, शक्यतो एसीच्या कोरड्या हवेत, आदल्या रात्री. ऑलिंपसने (आताच्या ओएम सिस्टिमने) २०१७ च्या टीजी-५ मध्ये लेन्सपुढे दुहेरी काच बसवली ती याच वाफेसाठी. तिचा फायदा होतो, तरी कोकणातल्या हवेत आदल्या रात्रीचा नियम मोडू नये.

आता फोनचं बघू. आयफोनच्या बाराव्या पिढीपासून ॲपल सहा मीटर खोली आणि तीस मिनिटं सांगतं. सॅमसंगच्या वरच्या फोनांना दीड मीटर आणि तीस मिनिटं. हे आकडे प्रयोगशाळेतल्या स्थिर, गोड्या पाण्यातले आहेत. खारं पाणी, लाटेचा तडाखा, उडी मारताना फोनवर बसणारा दाब यांचा त्यात हिशेब नाही. सॅमसंग तर समुद्रकिनारी किंवा पोहण्याच्या तलावात फोन वापरू नका असंच म्हणतं. फोन पाण्याने बिघडला तर साध्या वॉरंटीत तो बसत नाही, आणि आतली ओलीची खूण रंग बदलून बसली की वाद घालायला जागा उरत नाही. शिवाय काचेचा पडदा पाण्याखाली बोटाला ओळखतच नाही, कारण तो बोटातून जाणाऱ्या विद्युतभारावर चालतो आणि पाणी सगळीकडे एकसारखं त्याला भिडलेलं असतं. आवाजाच्या बटणाने फोटो निघतो, पण पाण्यात शिरण्याआधी काय लावून ठेवलं असेल तेवढंच.

पण मला यापेक्षा मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. फोन आता कॅमेरा राहिलेला नाही. त्यात बँक आहे, यूपीआय आहे, परतीचं तिकीट आहे, घरच्यांचे नंबर आहेत जे आपल्याला पाठ नाहीत. हरिहर गडाच्या कातळपायऱ्यांवर किंवा देवकुंड धबधब्याच्या वाटेवर फोन गेला तर फोटो गेले एवढ्यावर भागत नाही, गावातून एसटीने परत कसं यायचं हा प्रश्न पडतो. ट्रेकला नेणारे जुने जाणते लोक फोन बंद करून, दोन पिशव्यांत गुंडाळून सॅकच्या तळाशी ठेवायला सांगतात ते उगीच नाही. ज्याच्या हरवण्याने आपण अडकून पडणार नाही अशी वस्तू हातात असली की माणूस निर्धास्तपणे वाकतो आणि चिखलात गुडघे टेकतो.

या कॅमेऱ्यांचा जन्मही मौजेसाठी झाला नव्हता. पाण्याखालच्या छायाचित्रणाचा पाया घातला तो कॅलिप्सो या फिल्म कॅमेऱ्याने. समुद्रसंशोधक झाक कुस्तो यांच्या गरजेतून बेल्जियन अभियंता ज्याँ द वूटर्स यांनी तो आखला. १९६३ पासून निकॉनने तोच ‘निकॉनोस’ या नावाने बनवला आणि २००१ पर्यंत ही मालिका चालली. जगभरचे समुद्रशास्त्रज्ञ आणि पाणबुडे तो वापरत. दुसरी शाखा जपानच्या बांधकामांवर फुटली. सिमेंटची धूळ, पाऊस आणि आपटाआपटी सोसून कामाच्या नोंदी ठेवणारे दणकट कॅमेरे तिथे १९८० च्या दशकाअखेर निघाले, आणि रिको आजही अग्निशमन व बांधकामासाठी असे कॅमेरे बनवते. डिजिटल काळात या दोन शाखा एकत्र आल्या आणि सुट्टीच्या बाजारात उतरल्या. २०१० मध्ये जगभर बारा कोटींच्या आसपास डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले, त्यातले बहुसंख्य खिशात मावणारे. मग फोनने तो सगळा बाजार गिळला. कॅननचा डी३० (२०१४), निकॉनचा डब्ल्यू३०० (२०१७, वेगळ्या जलरोधक घराशिवाय थेट ३० मीटर खोल जाणारा), पॅनासॉनिकचा एफटी७ (२०१८, ३१ मीटर), फुजीचा एक्सपी१४० (२०१९, २५ मीटर) हे त्या त्या कंपनीचे या जातीतले शेवटच्या काळातले मोहरे ठरले. निकॉनने तर २०१३ मध्ये लेन्स बदलता येणारा जलरोधक एडब्ल्यू१ काढला होता. कल्पना धाडसी होती, पण तीही पुढे चालली नाही. आता मुख्यतः उरलेत ते ओएम सिस्टिमचा टीजी, रिकोने पेंटॅक्सच्या नावाने आणलेले डब्ल्यूजी-८ व डब्ल्यूजी-९०, आणि कोडॅकच्या नावाचे काही स्वस्त कॅमेरे.

टीजी का टिकला? त्याच्या खोलीमुळे तर नक्कीच नाही. पंधरा मीटर ही या जातीत मध्यम मर्यादा आहे. ओपन वॉटरचं पहिलं प्रमाणपत्र घेतलेल्या पाणबुड्याला अठरा मीटरपर्यंत जायची मुभा असते, म्हणजे प्रशिक्षित माणूस या कॅमेऱ्याहून खोल जातो. त्यासाठी पंचेचाळीस मीटरपर्यंत चालणारं वेगळं जलरोधक घर (हाउसिंग) विकत घ्यावं लागतं. चित्राच्या दर्जामुळेही तो टिकलेला नाही. आतला सेन्सर करंगळीच्या नखाहून लहान, १/२.३३ इंची, बारा मेगापिक्सेलचा. झूम करताना लेन्स बाहेर आली तर तिथून पाणी शिरेल, म्हणून संपूर्ण झूम अंगात बसवावा लागतो आणि प्रकाश प्रिझमने काटकोनात वळवून खाली नेला जातो. एवढ्या अडचणीत मोठा सेन्सर बसत नाही. संध्याकाळच्या धूसर उजेडात काढलेलं चित्र आजच्या चांगल्या फोनच्या चित्रापुढे दाणेदार आणि फिकट दिसतं. कुटुंबाचे, देवळाचे, जेवणाच्या ताटाचे फोटो काढायला हा कॅमेरा घेणाऱ्याची निराशा होईल.

तो टिकला तो एका सेंटिमीटरमुळे. मायक्रोस्कोप मोड लावला की लेन्सच्या काचेपासून एक सेंटिमीटरवरची वस्तू स्पष्ट दिसते, आणि तीही झूम पुढे नेऊन. तांदळाच्या दाण्याएवढा जीव पडदाभर होतो. इतक्या जवळून काढताना स्पष्टतेचा पट्टा कागदासारखा पातळ असतो. किड्याचे डोळे स्पष्ट आले तर पाय धूसर येतात. त्यावर उपाय म्हणून कॅमेरा फोकस थोडा थोडा सरकवत ओळीने फोटो घेतो आणि स्वतःच ते एकत्र करतो. काही हजारांत मिळणारी प्लास्टिकची एक कडी लेन्सभोवती बसवली की कॅमेऱ्याच्याच दिव्याचा उजेड गोल पसरतो. २०२१ पासून महागड्या फोनांतही जवळचा मोड आला, दोन सेंटिमीटरपर्यंत जाणारा. पण तो रुंद लेन्समधून चालतो. तेवढ्या जवळ गेलं की फोनची स्वतःची सावली वस्तूवर पडते, आणि वस्तू मोठी दाखवण्यात तो टीजीच्या जवळपासही पोचत नाही.

आंबोलीत पावसाळी रात्री बेडूक बघायला जाणाऱ्यांच्या हातात हा कॅमेरा वारंवार दिसतो तो त्याचमुळे. तिथला पाऊस आठवडेच्या आठवडे थांबत नाही. मोठा कॅमेरा, मॅक्रो लेन्स, फ्लॅश आणि वर छत्री धरणारा मित्र, असा सरंजाम घेऊन जाणारे उत्तम चित्रं आणतात, यात शंका नाही. पण झुडपी बेडूक दोन-तीन सेंटिमीटरचा, कारवीच्या पानाच्या खालच्या अंगाला, गुडघ्याच्या उंचीवर. तिथवर हा लहान कॅमेरा एका हाताने जातो, दुसऱ्या हातात विजेरी. २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी वेगळी प्रजाती म्हणून नोंदवलेला आंबोलीचा भेक तिथल्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, राहतो आणि नष्ट होण्याच्या गंभीर धोक्यात आहे. त्याच्यापर्यंत जाणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे: बेडूक हातात धरू नका, चित्रासाठी पान तोडू नका, दिवा मिनिटभराहून जास्त तोंडावर रोखू नका. एक सेंटिमीटर जवळ जाता येतं म्हणजे जायलाच हवं असं नाही. आंबोलीतल्याच हिरण्यकेशीच्या कुंडातला नवा मासा २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी नोंदवला आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसास्थळ झाली. अशा कुंडात जलरोधक कॅमेरासुद्धा घालू नये, काठावरून दिसेल तेवढंच पाहावं.

कासच्या पठारावरही हेच. सीतेची आसवं किंवा दवबिंदू ही रोपं जमिनीलगत, ओल्या कातळावर. त्यांच्या पातळीला जायचं तर पोट टेकून पडावं लागतं. इथे टीजीचा एक खरा दोष आड येतो: मागचा पडदा वळत नाही. डोकं कातळाला लावल्याशिवाय चौकट दिसत नाही. पंचेचाळीस हजारांच्या कॅमेऱ्यात हे खटकतं, आणि इतक्या पिढ्यांत कंपनीने ते का सुधारलं नाही हे मला उमगत नाही.

मुंबईत या कॅमेऱ्याचं काम वेगळं आणि माझ्या लेखी सर्वांत मोलाचं आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला समुद्र जितका वर येतो तितकाच सुकतीला मागेही जातो. त्या तासा-दोन तासांत हाजी अली, कार्टर रोड, जुहू इथले खडक उघडे पडतात. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या उपक्रमाने नागरिकांना या खडकांवर नेलं आणि त्यांच्या फोटोंतून शहराच्या किनाऱ्यावरल्या जिवांची नोंद उभी राहत गेली. एवढ्या सांडपाण्याच्या काठी समुद्रपुष्पं, प्रवाळ, अष्टपाद, नखाएवढ्या रंगीत समुद्री गोगलगायी राहतात यावर पहिल्यांदा कोणाचा विश्वास बसत नाही. नोंद ग्राह्य धरायची तर चित्रात गोगलगायीच्या शिंगांचा रंग, पाठीवरचे कल्ले दिसावे लागतात. डबक्याच्या वरून काढलेल्या फोटोत पृष्ठभागाची चकाकी सगळं झाकते. कॅमेरा अलगद पाण्यात सोडला की चकाकी जाते आणि तो जीव त्याच्या जागी, त्याला न उचलता, टिपता येतो. खोली वीतभर. तीस मीटरची हमी इथे कोणालाच लागत नाही.

मालवणात मात्र अपेक्षा आवरायला हव्यात. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा समुद्र १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि तिथे प्रवाळ व माशांचं वैभव आहे. पण ते पाणी अंदमानसारखं नितळ नाही. त्यात गाळ आणि प्लवक असतात, बऱ्याच दिवशी काही मीटरपलीकडे हिरवा पडदा सुरू होतो. शिवाय पाणी आधी लाल रंग खातं. पाचेक मीटरवर लाल जवळजवळ संपतो आणि चित्र निळंहिरवं उरतं. फ्लॅश मारावा तर तो लेन्सच्या शेजारीच असल्याने मधला गाळ बर्फासारखा उजळतो. सपाट काचेमागून वस्तू पाव अंतराने जवळ आणि तिसऱ्या हिश्श्याने मोठ्या दिसतात, म्हणून रुंद दृश्यही आखडतं. या सगळ्यावर इलाज एकच, मधलं पाणी कमी करणं. माणसाचा पूर्ण फोटो काढायचा सोडून हाताएवढ्या प्रवाळाजवळ जा, पाण्याखालचा रंगमोड लावा, फ्लॅश बंद ठेवा. सूर्य डोक्यावर असताना तीन-चार मीटरवर छान रंग येतात. मात्र प्रवाळाला टेकायचं नाही, तोल सांभाळता येत नसेल तर कॅमेरा गाइडकडे द्यायचा.

आणि ज्याला फक्त ‘मी पाण्याखाली गेलो होतो’ याची आठवण हवी आहे, त्याने काहीच विकत घेऊ नये. तिथले गाइड स्वतःच्या ॲक्शन कॅमेऱ्याने चित्रण करून देतात. चलचित्रणाचीच आवड असेल तर गोप्रो (घराशिवाय १० मीटर) किंवा डीजेआयचा ॲक्शन ५ प्रो (२० मीटर) हे टीजीहून स्थिर आणि चांगलं चित्रण करतात. त्यांची लेन्स रुंद आणि ठरलेली असते, त्यामुळे बेडकाच्या डोळ्यापर्यंत ते पोचत नाहीत. पोहायला आणि लाटेत खेळायला मुलांच्या हाती द्यायचा असेल तर पेंटॅक्सचा डब्ल्यूजी-९० किंवा कोडॅकचा स्वस्त कॅमेरा पुरतो. ऑनलाइन तीन-पाच हजारांत ‘५६ मेगापिक्सेल, फोरके, अंडरवॉटर’ असं छापून येणाऱ्या अनोळखी नावांच्या वाट्याला जाऊ नये. ते आकडे लहान चित्र ताणून मोठं केल्याचे असतात, आणि झाकणाच्या रबरावर विश्वास ठेवण्यासारखं त्यात काही नसतं.

टीजी-७ परवडत नसेल तर टीजी-६ किंवा २०१७ चा टीजी-५ वापरलेला बघा. लेन्स आणि जवळ जायची ताकद तीच आहे. त्याच्याही मागचा टीजी-४ घ्यायचा मोह टाळावा, टीजी-५ ला सेन्सर सुधारला आहे. वापरलेला घेताना मालकाला विचारा: समुद्रात किती नेला, गॅस्केट कधी बदललं, कधी पडला का. झाकणाच्या कडेला पांढरी मिठाची रेघ किंवा बॅटरीच्या टोकांवर हिरवट डाग असेल तर तिथूनच परत फिरा. घरी आणल्यावर बॅटरी आणि कार्ड काढून घ्या, मोकळ्या जागेत टिश्यू पेपरची घडी ठेवा, झाकण दोन्ही कुलपांनी लावा आणि कॅमेरा बादलीच्या तळाशी अर्धा तास ठेवा. काढून, पुसून, पूर्ण वाळवून मग उघडा. टिश्यू कोरडा निघाला तर पाऊस, ओढा आणि सुकतीची डबकी यांना तो चालेल. समुद्रात नेण्याआधी अधिकृत सेवाकेंद्रात नवं गॅस्केट बसवून दाबाची चाचणी करून घ्या, कारण बादलीतला फूटभर दाब पाच मीटरबद्दल काहीच सांगत नाही.